उत्तरआधुनिक विचार, धंदा आणि आपलं इंदूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरातल्या मराठी वाचकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजातली मुलं आहेत, नमकीन आणि कापडाचे व्यापारी आहेत, जाहिरातीच्या कामातली मंडळी आहेत, आणि नातवाच्या लग्नाची तयारी बघून अचंब्यात पडलेल्या आजीही आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. उत्तरआधुनिकता म्हणजे नेमकं काय? दोन वाक्यांत सांगा.

आधुनिक काळाने माणसाला सांगितलं की विज्ञान, कारखाना, शिक्षण आणि नियोजन यांच्या जोरावर सगळं जग एकाच दिशेने पुढे चाललं आहे. उत्तरआधुनिक विचार त्यावर विचारतो की ही गोष्ट सांगतंय कोण, तिच्यात भलं कुणाचं झालं, आणि कुणाचं नाव तिच्यात आलंच नाही.

दोन वाक्यं झाली. आता थोडं पुढचं. फ्रेंच विचारवंत झां-फ्रान्स्वा ल्योतार यांच्या १९७९च्या पुस्तकाने हा शब्द सर्वतोमुखी केला. ते पुस्तक मुळात क्वेबेकच्या विद्यापीठ परिषदेने मागवलेला अहवाल होता, आणि संगणकाच्या युगात ज्ञानाचं काय होणार हा त्याचा विषय होता. ल्योतार यांचं म्हणणं असं की सगळ्यांना एका धाग्यात ओवणाऱ्या मोठ्या गोष्टींवरचा, म्हणजे महाकथनांवरचा, लोकांचा विश्वास उडाला आहे, आणि यापुढे ज्ञान विकण्यासाठीच तयार होईल. तेव्हा धंदा या चर्चेत मागाहून घुसला असं नाही. तो पहिल्यापासून तिथे आहे.

२. आधुनिक आणि उत्तरआधुनिक यांतला फरक इंदुरात डोळ्यांनी कुठे बघता येईल?

माणिकबाग आणि अरण्य, या दोन ठिकाणी.

माणिकबाग हा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधून घेतलेला राजवाडा. वास्तुकार एकार्ट मुथेसियुस, वयाने महाराजांसारखाच तरुण जर्मन. घुमट नाही, महिरप नाही, कोरीव खांब नाहीत. सरळ रेषा, काच, धातू, आणि युरोपातल्या त्या वेळच्या सर्वांत पुढच्या कलावंतांचं फर्निचर. खोलीपासून दिव्यापर्यंत सगळं एकाच दृष्टीतून ठरवलेलं. हे आधुनिकतेचं मन आहे: जाणकाराने विचार करावा आणि घर त्याबरहुकूम उभं राहावं. तिथलं सामान १९८०मध्ये मोनॅकोत लिलावात गेलं. इमारतीत आता केंद्र सरकारचं कर खात्याचं कार्यालय आहे.

अरण्य ही वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी १९८०च्या दशकात आखलेली वसाहत, मुख्यतः गरीब कुटुंबांसाठी. दोशी पुण्यात जन्मलेले, आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू ल कॉर्ब्युझिए यांच्या पॅरिसच्या कार्यालयात काम केलेले, म्हणजे आधुनिकतेच्या थेट गाभाऱ्यातून आलेले. तरी इथे त्यांनी पुरं घर बांधून दिलं नाही. जोतं, संडास-न्हाणीचा गाभा आणि फार तर एक खोली, एवढं दिलं; पुढचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. नमुना म्हणून ऐंशी घरं मात्र बांधून दाखवली. गल्लीतून चालताना लक्षात येतं की एकाचा जिना बाहेरून चढतो, दुसऱ्याने ओट्यावर दुकान काढलंय, तिसऱ्याच्या गच्चीचा कठडा सिमेंटच्या जाळीचा तर शेजाऱ्याचा लोखंडी. वास्तुकाराने मुद्दाम शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवलेला नाही. या वसाहतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला, आणि २०१८मध्ये दोशी वास्तुकलेतला सर्वांत मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय झाले.

दोशींना "उत्तरआधुनिक" असा शिक्का मारावा असं मी म्हणत नाही. पण रहिवाशाला घराचा सहलेखक मानणं, ही या विचाराची सर्वांत चांगली बाजू आहे, आणि ती आपल्याच गावात उभी आहे याचा मला अभिमान वाटतो.

तुलनेसाठी अमेरिकेतल्या सेंट लुईसची प्रुइट-आयगो वसाहत घ्या. अकरा मजल्यांच्या तेहेतीस एकसारख्या इमारती १९५०च्या दशकात बांधल्या आणि १९७२पासून सुरुंग लावून पाडल्या. वास्तुकलेचे समीक्षक चार्ल्स जेंक्स यांनी हाच आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू असं लिहिलं. मात्र दोष एकट्या नकाशाचा नव्हता. देखभालीला पैसा नव्हता आणि वंशभेदही होता. हे सांगितल्याशिवाय ते उदाहरण देऊ नये.

३. शहराच्या मध्यभागी असलेल्या होळकरांच्या जुन्या राजवाड्यातही मराठा, मुघल आणि फ्रेंच शैलींचं मिश्रण आहे. मग तो उत्तरआधुनिक का नाही?

नुसतं मिश्रण ही कसोटी नाही. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडाचे, वरचे लाकडाचे. जे कारागीर होते, जी पद्धत मानाची होती, ती घेतली. उत्तरआधुनिक वास्तुकार जुनी शैली घेतो ती अवतरणचिन्हात घेतल्यासारखी, आणि बघणाऱ्याला ते कळावं अशी त्याची इच्छा असते. अमेरिकन वास्तुकार रॉबर्ट व्हेंच्युरी यांनी १९६६मध्ये साधेपणाच्या आधुनिक आग्रहावर उघड हल्ला केला. १९८४मध्ये फिलिप जॉन्सन यांनी न्यूयॉर्कच्या एका गगनचुंबी कार्यालयाच्या डोक्यावर जुन्या इंग्रजी कपाटाचा माथा चढवला. मॉलमध्ये किंवा रिसॉर्टवर राजवाड्याच्या खिडक्यांची नक्कल दिसते, ती या घराण्यातली.

४. आम्ही माल विकतो. आमच्या धंद्याचा या तत्त्वज्ञानाशी काय संबंध?

हा प्रश्न व्यापाऱ्यांकडून सर्वांत जास्त येतो, म्हणून जरा सावकाश.

आधुनिक धंद्याची दोन दैवतं होती. एक अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर. १९११मध्ये त्यांनी मांडलं की प्रत्येक कामाची एकच सर्वोत्तम रीत असते, ती घड्याळ लावून शोधायची आणि कामगाराला शिकवायची. दुसरे हेन्री फोर्ड. १९१३मध्ये त्यांनी सरकता पट्टा आणला आणि एक मोटार जोडायला लागणारा वेळ बारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. बरीच वर्षं ती गाडी फक्त काळ्या रंगात मिळत होती. एकच मॉडेल, लाखो गिऱ्हाइकं, किंमत उतरत गेलेली. १९२७पर्यंत दीड कोटी गाड्या निघाल्या.

फोर्डला मागे टाकलं ते जनरल मोटर्सने. आल्फ्रेड स्लोन यांचं धोरण होतं की प्रत्येक खिशाला आणि प्रत्येक हेतूला वेगळी गाडी. म्हणजे गिऱ्हाईक एक नाही, अनेक आहेत, हे बाजाराने तत्त्वज्ञांच्या कितीतरी आधी ओळखलं. १९७०च्या दशकात तेल महागलं, मंदी आली, आणि एकसारखा माल ढिगाने काढणं परवडेना. भूगोलाचे अभ्यासक डेव्हिड हार्वी यांनी १९८९मध्ये दाखवलं की उत्तरआधुनिक संस्कृती आणि हे लवचीक उत्पादन एकमेकांच्या हातात हात घालून आलं. इटलीच्या बेनेटनचं उदाहरण कापडवाल्यांना लगेच पटतं: स्वेटर आधी बिनरंगी विणून ठेवायचे आणि दुकानात कोणता रंग खपतोय ते कळलं की मग रंगवायचे. आपल्याकडचा रेडिमेडवाला आज हेच करतो. शंभर नग काढून बघायचं, चाललं तर पाचशे.

तेव्हा संबंध असा: "सगळ्यांना हेच हवं असतं" हे वाक्य आता धंद्यात धोक्याचं झालं आहे. पण एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. बाजाराने या विचारातली विविधता उचलली, शंका उचलली नाही. गिऱ्हाइकाला पन्नास रंग दाखवणारी कंपनी तो रंग कुठल्या नदीत सोडला जातो, रंगवणाऱ्याला काय मिळतं, या प्रश्नाला सहसा उत्तर देत नाही. उत्तरआधुनिक विचार पुरा घ्यायचा तर तो कंपनीच्या स्वतःच्या गोष्टीलाही लावला पाहिजे. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हाच मुद्दा येईल.

५. गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, तरी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात. हे तुमच्या विषयात कुठे बसतं?

बरोबर मध्यभागी. आणि याच ठिकाणी माझं पुस्तकी सिद्धांताशी पटत नाही.

पार्श्वभूमी बाहेरच्यांसाठी. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या गिरण्यांनी इंदूर घडवलं. गणेशोत्सवात गिरणी कामगार देखावे उभारत आणि अनंत चतुर्दशीच्या रात्री ते मिरवत नेत. कापड गिरण्या १९८०च्या दशकापासून एकेक करून थंडावल्या. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद झाली. झांक्या मात्र थांबल्या नाहीत. भोंगा नाही, धूर नाही, साचे भंगारात गेले, आणि तरीही गिरणीच्या नावाची पाटी लावलेला ट्रॉला रात्रभर रस्त्यावर असतो. वर मोटारीवर हलणारे हात, फिरणारं सुदर्शन चक्र, हजारो दिवे, पुढे आखाड्यांची मुलं लेझीम आणि पट्टा खेळत.

फ्रेंच विचारवंत झां बोद्रिलार यांनी १९८१मध्ये मांडलं की आपल्या काळात खुणा मूळ वस्तूपासून सुटतात; मग खूण उरते आणि तिच्यामागे काहीच नसतं. वरवर बघता गिरणीशिवायची झांकी म्हणजे या सिद्धांताचं चित्रच. परीक्षेत तसं लिहिलं तर गुणही मिळतील.

पण झांकीमागे काहीच नाही असं म्हणायला तिच्यामागची माणसं डोळ्याआड करावी लागतात. वेल्डिंग करणारा, कागदाच्या लगद्याचे मुखवटे रंगवणारा, वर्गणीसाठी फिरणारा माणूस हा त्याच गिरणीचा कामगार किंवा त्याचा मुलगा असतो. हुकुमचंदच्या कामगारांना आपल्या हक्काच्या पैशासाठी २०२३च्या डिसेंबरापर्यंत वाट बघावी लागली. बत्तीस वर्षं. त्या सगळ्या काळात झांकी हीच एक जागा होती जिथे शहर त्यांना त्यांच्या गिरणीच्या नावाने ओळखत होतं. ही रिकामी खूण नाही. ज्यांना हिशेबातून पुसलं होतं त्यांनी शहरासमोर मांडलेला हा हिशेब आहे.

आता झांक्यांना प्रायोजक मिळतात, देखाव्यावर कंपनीचा फलक झळकतो. त्याबद्दल तक्रार करणारे पुष्कळ आहेत. माझं मत एवढंच की फलकाचा आकार बघण्याआधी देखाव्याचा विषय कोण ठरवतं ते बघावं. कामगार समिती ठरवत असेल तोवर झांकी त्यांची आहे.

६. माहेश्वरी साडी घ्यायला गेलं की अहिल्यादेवींची, किल्ल्याच्या नक्षीची गोष्ट सांगतात आणि मग किंमत सांगतात. ही गोष्ट विकणं म्हणजे फसवणूक नाही का?

गोष्ट विकणं ही फसवणूक नाही. खोटी गोष्ट विकणं ही फसवणूक.

साडीच्या किमतीत सूत-रेशीम असतं, हातमागावरचे दिवस असतात आणि ती नेसल्यावर समाजात जे सांगितलं जातं त्याचं मोल असतं. बोद्रिलार या तिसऱ्याला चिन्हमूल्य म्हणतात. ते नव्याने जन्मलेलं नाही, पेशव्यांच्या काळातही पैठणीला होतंच. नवीन आहे ते त्याचं मोजून-मापून केलेलं उत्पादन.

महेश्वरच्या बाबतीत गोष्ट खरी आहे: अहिल्यादेवींनी तिथे विणकर वसवले, किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडातली नक्षी काठांवर उतरली. विसाव्या शतकात हा धंदा खालावला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू करून विणकर, विशेषतः बायका, पुन्हा मागावर आणल्या. तिथे गोष्टीने मागाला जगवलं.

हीच गोष्ट छापील यंत्रमागाच्या साडीला चिकटवली की ती विणकराच्या ताटातून काढून घेतलेली असते. दुकानात दोनच गोष्टी विचारा: हातमागाची खूण आहे का, आणि भौगोलिक उपदर्शनाचं चिन्ह (जीआय टॅग) आहे का. मग साडी उलटी करून बघा. विणलेला काठ मागूनही बोलतो, छापलेला मुका असतो.

७. रीलवाल्यांमुळे सराफा बिघडला, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. तुमचं मत?

सराफा आधीपासूनच दोन अर्थांची जागा आहे. दिवसा सोन्या-चांदीची पेढी, रात्री शटर खाली आलं की त्याच पायऱ्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू, खोबरा पॅटिस, मावाबाटी. एकाच ओट्यावर दोन धंदे आणि दोन्ही खरे. कुण्या सल्लागाराने ही कल्पना विकली नव्हती. दुकानाला राखण हवी होती आणि ठेल्यांना जागा, त्यातून ती जमली असं जुने लोक सांगतात.

बदल झालाय तो शब्द कुणाचा मानायचा यात. पूर्वी कुठला दहीवडा खायचा हे मामा सांगायचे. आता अनोळखी माणसांचे तारे आणि फोनवरची क्लिप सांगते. अधिकार एका जागी न राहता पसरला, हे उत्तरआधुनिकच आहे, आणि त्याचा फायदाही झाला: कोपऱ्यातल्या, नाव नसलेल्या ठेल्याला गिऱ्हाईक मिळालं. तोटा असा की पदार्थ आता जिभेपेक्षा कॅमेऱ्यासाठी बनू लागला. चीजचा ढीग, धूर सोडणारं पान, उंच उडवलेली वाटी. वाटी उडवणं ही जुनी कला आहे आणि मला ती आवडते, पण दह्याची आंबट-गोड जमली नसेल तर ती व्यर्थ. आणि क्लिपसाठी पैसे घेतले असतील तर ते सांगितलंच पाहिजे. इथे पुन्हा तोच प्रश्न आला: बोलतंय कोण, आणि कुणाच्या खर्चाने?

८. जाहिरातीच आता जाहिरातींची खिल्ली उडवतात. हे कशात येतं?

गिऱ्हाईक शंकेखोर झालं, तेव्हा कंपन्यांनी शंकाच विकायला काढली. "बाकी सब बकवास" म्हणणारी थंड पेयाची जाहिरात आपल्या सगळ्यांना आठवते. २०११मध्ये पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने अमेरिकेतल्या मोठ्या खरेदीच्या दिवशी आपलंच जॅकेट विकत घेऊ नका अशी पानभर जाहिरात दिली. पहिलीत नुसती ढब आहे. दुसरीत जॅकेटला किती पाणी लागतं आणि किती प्रदूषण होतं याचे आकडे होते, म्हणून मी तिला जास्त मान देतो. आकडे दिले की निदान तपासता येतात.

९. माझा मुलगा डिलिव्हरीचं काम करतो. कंपनी त्याला "पार्टनर" म्हणते. यात चांगलं काय, वाईट काय?

काकू, भागीदार तो, ज्याला नफ्यात वाटा आणि निर्णयात मत असतं. तुमच्या मुलाला गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं आणि दर ठरवणार ॲप. शब्दाने नातं बदललं असं दाखवायचं आणि पैशाचं नातं तसंच ठेवायचं, हे धंद्याने या विचारातून उचललेलं सर्वांत घातक तंत्र आहे. वेळ आपल्या सोयीने निवडता येते, हे चांगलं. कॉलेज सांभाळून काम करणाऱ्या मुलांना त्याचा आधार आहे. पण २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार असा स्पष्ट उल्लेख आहे. कायद्याने त्याला कामगार म्हटलंय. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर त्याची नोंदणी झाली नसेल तर आधी ती करून घ्या.

१०. नातवाच्या लग्नात हळदीला पिवळा ड्रेस कोड, संगीत, मेहंदी, वरात आणि शेवटी मंगलाष्टकं. आमचं मराठीपण उरलं का?

आजी, उरलं. इंदूरचं मराठीपण कधीच एका रंगाचं नव्हतं. सकाळी पोह्यांवर जिरावन आणि शेव, बाजूला जिलेबी, हे आपण दुसऱ्या कुणाला विचारून ठरवलं नाही. पोहे आपल्या पूर्वजांबरोबर आले, माळव्याने त्यांना आपलं केलं. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा राजवाड्यासमोर कोण मराठी, कोण मालवी, हे रंगात ओळखू येत नाही.

काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तुमच्या वेळी विधी आणि मिश्रण माणसांच्या सहवासातून झालं. आता ते पॅकेजमधून येतं, आणि इंदूरच्या, लखनौच्या, नाशिकच्या लग्नाचे फोटो एकसारखे निघतात. विविधतेच्या नावाखाली पुन्हा फोर्डची काळी गाडी (प्रश्न ४). नातवाला संगीत करू द्या. पण मुहूर्ताच्या ओव्या तुम्ही स्वतः म्हणा, आणि माईकवर म्हणा. इव्हेंटवाल्याच्या यादीत त्या नसतात.

११. पुण्यातले नातेवाईक आमच्या मराठीला हिंदाळलेली म्हणतात. या विचारातून त्यांना काय उत्तर द्यावं?

प्रमाण मराठी आकाशातून पडलेली नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६मध्ये आलं, त्याआधी १८३१मध्ये मोल्सवर्थचा कोश. मग शाळाखातं, छापखाने, वर्तमानपत्रं. त्या सगळ्याचं केंद्र पुणं-मुंबई होतं, म्हणून तिथली बोली प्रमाण ठरली. देवास-धार-ग्वाल्हेर केंद्र असतं तर वेगळी ठरली असती. हा इतिहास कळला की न्यूनगंड जातो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती वगळली तर उत्तर अर्धं राहील. कायदा, पाठ्यपुस्तक, औषधाची सूचना यांना एक ठरलेली भाषा लागते. तेव्हा मुलांना प्रमाण मराठी नीट शिकवा आणि घरात इंदुरी मराठी बिनदिक्कत बोला. एकीसाठी दुसरी टाकून द्यावी लागत नाही.

१२. म्हणजे सत्य नावाची गोष्टच नसते, असं हे लोक म्हणतात ना?

काही जण तसं म्हणतात आणि ते चुकतात. बहुतेक गंभीर विचारवंतांचा दावा इतका मोठा नाही. मिशेल फुको यांनी वेडेपणा, तुरुंग, दवाखाना यांबद्दलचं "ज्ञान" सत्तेशी कसं गुंतलं ते दाखवलं. म्हणून रोगजंतू नसतात असा त्याचा अर्थ होत नाही.

अतिरेक झाला हेही खरं. भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल यांनी एका नावाजलेल्या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकाला मुद्दाम अर्थहीन लेख पाठवला, तो १९९६मध्ये छापून आला, आणि मग त्यांनी तो बनाव उघड केला. त्या टीकेत तथ्य होतं. अवघड शब्द हा पुरावा नव्हे.

व्यवहारात मी असा भेद करतो. काट्यावर पाव किलो शेव पाव किलोच भरते, हे कुणाच्या दृष्टिकोनावर अवलंबून नाही. ती शेव "शहराची शान" आहे की नाही, हे आहे. पहिल्या प्रकारच्या विधानाला वजनमाप लावा, दुसऱ्याला प्रश्न १ मधला प्रश्न.

१३. मग व्हॉट्सॲपवरच्या खोट्या बातम्या याच विचाराची पिल्लं नाहीत का?

थेट नाहीत. अफवा पसरवणाऱ्याने ल्योतार वाचलेला नसतो. पण "तज्ज्ञांवर विश्वास कशाला, प्रत्येकाची आपापली बाजू असते" ही सवय हवेत आहे, आणि तिचा फायदा घेतला जातो. ब्रूनो लातूर यांच्यासारख्या, विज्ञानाच्या कामकाजाची चिकित्सा करण्यात आयुष्य घातलेल्या माणसाने २००४मध्ये हीच चिंता जाहीरपणे मांडली: आपण घडवलेली हत्यारं हवामानबदल नाकारणारे वापरत आहेत. शंका घेणाऱ्याने पुरावा दिसल्यावर मत बदलायची तयारी ठेवली पाहिजे. फॉरवर्ड करणाऱ्याकडे ती नसते. फरक ओळखायला एवढं पुरतं.

१४. आमच्या जैन धर्मात अनेकांतवाद हजारो वर्षं आहे. मग हे पाश्चात्त्यांकडून कशाला शिकायचं?

शिकायचं नाही, ताडून बघायचं. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांचा दृष्टांत आणि "स्यात्", म्हणजे "एका परीने", असं लावून बोलायची शिस्त (स्याद्वाद) ही आपल्याकडची मोठी देणगी आहे. पण दोन्ही एकच नव्हेत. अनेकांतवाद म्हणतो की वस्तू खरोखर आहे, तिला अनंत अंगं आहेत, सामान्य माणसाला काहीच दिसतात आणि केवलज्ञानी सगळी बघतो. उत्तरआधुनिक विचार ती सगळं बघणारी जागाच नाकारतो. इंदुरातल्या कुणा विद्यार्थ्याने यावर प्रबंध करावा, असं मी अनेकांना सुचवलंय. काचेने मढवलेलं जैन कांच मंदिर राजवाड्यापासून पायी अंतरावर आहे, स्याद्वाद समजावून सांगणारे जाणकार शहरात आहेत.

१५. सगळ्यांच्या गोष्टी सारख्याच, तर जातपंचायतीची गोष्टही मान्य करायची का?

नाही. हा या पानावरचा सर्वांत कठीण प्रश्न आहे.

महाकथनावर शंका घ्यायची ती त्याने दाबलेल्या माणसाला बोलता यावं म्हणून. जातपंचायत ही स्वतःच छोट्या आकाराचं महाकथन आहे: एकच रीत, एकच आवाज, विरोध केला की वाळीत. शंकेचा तोच नियम तिलाही लागतो.

इथे आपल्या शेजारच्या महूला जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांचं उदाहरण पुस्तकी वादापेक्षा जास्त शिकवतं. धर्मग्रंथ कुणी लिहिले, कुणासाठी लिहिले, कोण त्यांतून वगळलं गेलं, हे त्यांनी ल्योतार यांच्या कित्येक दशकं आधी विचारलं. पण त्यावर ते थांबले नाहीत. समता, स्वातंत्र्य, बंधुता ही सर्व माणसांना लागू होणारी तत्त्वं त्यांनी संविधानाच्या पायात घातली. जर्मन विचारवंत युर्गेन हाबरमास यांनी १९८०मध्ये आधुनिकता हा अपुरा राहिलेला प्रकल्प आहे असं म्हटलं; आपल्याकडे ते अपुरेपण विहिरीवर आणि मंदिरात दिसतं. जो अजून समतेपर्यंत पोहोचलाच नाही, त्याला "समता हेही एक कथनच" असं ऐकवणं मला क्रूर वाटतं.

१६. हे सगळं आता जुनं झालं, असं आमचे प्राध्यापक म्हणतात.

शैली म्हणून जुनं झालं आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०११मध्ये त्याचं प्रदर्शन मांडलं, ते १९७० ते १९९० या काळाचं. २०१०पासून "मेटामॉडर्न" वगैरे नावं फिरताहेत. बाजारातली सवय म्हणून मात्र ते आत्ता कुठे पुरतं मुरतंय, म्हणून प्रश्नही आत्ता येताहेत.

१७. आमचं नमकीनचं दुकान नवीन आहे. पाकिटावर "पारंपरिक", "अस्सल" असं लिहिलं तर चालेल का?

मनात आलं म्हणून लिहू नका. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत असे शब्द कधी वापरायचे याच्या अटी आहेत. "पारंपरिक" म्हणायचं तर ती पाककृती किंवा पद्धत पिढ्यान् पिढ्या मूळ स्वरूपात चालत आलेली असली पाहिजे, आणि ते दाखवता आलं पाहिजे. रतलामी शेव या नावाला भौगोलिक उपदर्शन आहे, तेव्हा इंदुरात तळलेल्या शेवेला ते नाव लावू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत.

त्यापेक्षा जे खरं आहे ते लिहा. दुकान कोणत्या साली काढलं, तेल कुठलं, लवंग-मिरी घरी कुटता की तयार मसाला वापरता, तळणारा कारागीर कुठला. कारागिराची परवानगी असेल तर त्याचं नावही छापा. मागच्या बाजूला तळल्याची तारीख मोठ्या अक्षरात टाका. बारीक छापलेली तारीख वाचायला गिऱ्हाइकाला चष्मा शोधावा लागतो आणि तेवढ्यात तो शेजारच्या दुकानाचं पाकीट उचलतो.